बीटा-ब्लॉकर औषधे आणि आपले रक्ताभिसरण

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधारी मंडळी रक्तदाबासाठी रोज एक लहानशी गोळी घेतात. तिच्यातील औषधाचे नाव प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल, तर ती ‘बीटा-ब्लॉकर’ गटातील होय. या गोळीने हातपाय गार पडतात, म्हणून काही जण ती परस्पर बंद करतात. असे करणे धोक्याचे का, हे समजण्यासाठी आपण रक्तवाहिन्यांचे कार्य पाहू.

भीती वा श्रमाच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते. ते पेशींवरील ‘ग्राहीं’ना जाऊन मिळते. या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. अल्फा ग्राही रक्तवाहिन्या आकुंचित करतात. बीटा-१ प्रामुख्याने हृदयाची गती व जोर वाढवतात. बीटा-२ स्नायूंतील रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका रुंदावतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा ग्राहींना अडवणारे प्रोप्रॅनोलॉल विकसित केले. अशा औषध-संशोधनासाठी त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रोप्रॅनोलॉल दोन्ही बीटा ग्राही अडवते. हृदय संथ होऊन कमी रक्त बाहेर टाकते, तेव्हा दाब टिकवण्यासाठी शरीर रक्तवाहिन्या आवळते. बीटा-२ अडल्याने अल्फांच्या आकुंचनाला विरोधही उरत नाही. हातापायांच्या टोकांशी रक्त कमी पोहोचते आणि ती गार लागतात.

मग रक्तदाब उतरतो कसा? काही दिवसांत वा आठवड्यांत वाहिन्यांचा हा वाढीव ताण बराचसा ओसरतो. हृदयावरील लगाम मात्र कायम राहतो. शिवाय मूत्रपिंडातून स्रवणारे, रक्तदाब वाढवणारे रेनिनही घटते.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधे मुख्यतः बीटा-१ अडवतात. कार्व्हेडिलॉल अल्फा ग्राहींनाही रोखते, तर नेबिव्होलॉल नायट्रिक ऑक्साइडच्या साहाय्याने वाहिन्या सैल करते. म्हणून हातपाय गार पडत असल्यास डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते.

गोळी एकाएकी थांबवण्यात मात्र मोठा धोका आहे. दीर्घकाळ अडवलेल्या पेशी आपल्या बीटा ग्राहींची संख्या वाढवतात. अडसर अचानक दूर होताच अ‍ॅड्रेनलिनचा प्रभाव अधिक तीव्रतेने जाणवतो: धडधड होते, रक्तदाब उसळतो, छातीत कळ येते, हृदयविकार असलेल्यांना क्वचित झटकाही येतो. म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

दमा असणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे, कारण या औषधाने श्वासनलिका आवळू शकतात. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवावे.

सुट्टीत घरी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांच्या गोळ्यांची नावे वाचावीत, त्या संपत आल्या आहेत का ते पाहावे आणि खंड पडण्याआधीच नव्या आणवाव्यात. एवढ्या दक्षतेनेही एखादे मोठे संकट टळू शकते.