बेसिनखालच्या कपाटाची कापलेली कड

दुसऱ्याच पावसाळ्यात आमच्या रत्नागिरीच्या घरातलं बेसिनखालचं कपाट फुगलं. वरचा सनमायका होता तसाच चकचकीत, पण दाराची खालची कड सुजल्यासारखी जाड झालेली. नखाने दाबली तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली. तयार विकत घेतलेलं, पार्टिकल बोर्डचं कपाट होतं ते. या बोर्डात लाकडाच्या चिपा बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या डिंकात कालवून गरम दाबाखाली चेपलेल्या असतात. ओल लागली की चेपलेल्या चिपा पुन्हा उमलतात आणि त्याच वेळी डिंकही सुटत जातो. मग फळी कितीही वाळवा, ती पूर्ववत बसत नाही.

नवं कपाट सुतारकाकांकडून करून घ्यायचं ठरलं. त्यांनी सागवानाच्या फळ्या आणल्या, पण करवतीला हात लावला नाही. मध्ये पट्ट्या देऊन फळ्या एकावर एक रचल्या आणि म्हणाले, "महिनाभर इथली हवा खाऊ दे त्यांना."

मला घाई होती, पण काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. लाकडाच्या पेशींची भिंत सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी विणलेली असते. या धाग्यांवरचे हायड्रॉक्सिल गट हवेतल्या बाष्पाचे रेणू धरून ठेवतात. पाणी धाग्यांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. बहुतेक धागे खोडाच्या उभ्या दिशेने असतात, म्हणून फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही. रुंदी मात्र बदलते. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 6 टक्क्यांवर स्थिरावतो. 90 टक्के आर्द्रतेत तो 20 टक्क्यांच्या आसपास जातो. पाण्याचा एक थेंबही अंगावर न पडता!

सागवान या बाबतीत गुणी लाकूड. ओलं खोड पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण 5.8 टक्के आणि वलयांना छेदून साधारण 2.5 टक्केच आकसतं. शिवाय त्याच्या गाभ्यात रबरासारखा एक पदार्थ असतो, त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. तरीही हिशेब करून पाहा. वलयांच्या दिशेने कापलेल्या 50 सेंटिमीटर रुंद फळीचा ओलावा 10 वरून 18 टक्क्यांवर गेला, तर ती सात-आठ मिलिमीटर रुंदावते. तिला चारी बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रू लावून जखडलं, तर कुठेतरी तडा जाणारच. म्हणून काकांनी दाराची चौकट केली, तिला आतून खाच पाडली आणि पॅनेल त्या खाचेत नुसतं सरकवलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मोकळीक. डिंक फक्त चौकटीच्या सांध्यांना, पॅनेलला टिपूसही नाही.

कपाटाचा सांगाडा मात्र प्लायवुडचा. त्यात एका थराचे तंतू आडवे तर पुढच्याचे उभे, म्हणजे एक थर रुंदावू लागला की शेजारचा त्याला आवरतो. ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये सहा थरांच्या लाकडाची शवपेटी सापडली होती. आजच्या मरीन प्लायचा फरक डिंकात आहे. तो फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे जुन्या काळ्या टेलिफोनच्या बेकलाइटच्याच कुळातला. आयएस 710 या भारतीय मानकात अशा प्लायचा नमुना 72 तास उकळून मग त्याचा चिकटपणा तपासतात. दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द कुणीही उच्चारतो. आपण फळीवर 710 हा आकडा शोधावा.

पण उत्तम प्लायलासुद्धा एक उघडी जागा असते, ती म्हणजे कापलेली कड. काकांनी मला ते करूनच दाखवलं. सागवानाच्या एका तुकड्याच्या पृष्ठावर पाण्याचा थेंब सोडला, दुसरा करवतीने कापलेल्या टोकावर. पृष्ठावरचा थेंब मण्यासारखा बसून राहिला. टोकावरचा बघता बघता पसरला आणि तिथे काळसर ओला डाग उरला. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं, त्यांची तोंडं आपण करवतीने उघडी करतो. सांडपाण्याच्या पाइपसाठी पाडलेलं भोक ही तर अशा तोंडांची गोल रांगच, आणि नेमकी गळतीच्या शेजारी. त्या भोकाच्या कडेला काकांनी चिंधीने तीन वेळा पॉलियुरेथेन चोळलं, मधे प्रत्येक वेळी वाळू देऊन.

पॉलिश वाफेला पूर्ण अडवत नाही, तिचा वेग कमी करतं. म्हणून ते फळीच्या दोन्ही अंगांना सारखंच हवं. फक्त दर्शनी बाजू रंगवली, तर मागची बाजू भराभर ओल पिते आणि फळीची पन्हळ होते. भिंतीकडची, कधीच न दिसणारी बाजूही काकांनी तितक्याच निगुतीने रंगवली. कपाट जमिनीपासून वीतभर वर टांगलं, कारण आपल्याकडे बाथरूम बादलीभर पाणी ओतून धुतात.

जुलैत खण घट्ट झाला. मी रंधा मारायला सांगणार होतो, काकांनी थांबवलं. दिवाळीनंतर तो आपोआप सैल झाला. पॅनेल चौकटीत बसवण्याआधीच त्यांनी त्याच्या कडांनाही पॉलिश दिलं होतं, ते का, हे मला मे महिन्यात कळलं. बॅटरी मारून पाहिलं, तर पॅनेल आकसून खाचेतली एक बारीक पट्टी बाहेर आली होती. तीही बाकीच्या दारासारखीच गडद.