यादीत आहे, पण बनतच नाही!

मोटार कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या पसंतीची गाडी जुळवताना एखादा पर्याय अचानक पुसट होतो आणि निवडताच येत नाही. ग्राहकाला तो त्रास वाटतो. प्रत्यक्षात संगणक तेव्हा एक महागडी चूक टाळत असतो. ती म्हणजे, जी वस्तू बनूच शकत नाही, तिची ऑर्डर घेणे.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीपुढे हा प्रश्न १९७०च्या दशकातच उभा राहिला. तिचा ‘व्हॅक्स-११/७८०’ हा संगणक १९७७ मध्ये बाजारात आला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कपाटे, वीजपुरवठा, केबली असे सुटे भाग प्रत्येक ग्राहकाच्या गरजेप्रमाणे जुळवून तो विकला जाई. विक्रेत्याच्या यादीत एखादा भाग राहून गेला, तर संच पूर्ण होत नसे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी अशा याद्या तपासून पूर्ण करणारी ‘आर-१’ ही प्रणाली तयार केली. कंपनीत ती ‘एक्सकॉन’ म्हणून ओळखली गेली. ‘असे असेल तर तसे करा’ अशा नियमांवर ती चाले. ती यशस्वी ठरली. पण नवनवे भाग येत गेले तसे नियमही वाढले आणि पुढे त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. एक भाग बदलला की कोणकोणते नियम बदलायचे, हे शोधणे हेच मोठे काम होऊन बसले.

त्यामुळे संशोधक वेगळ्या वाटेकडे वळले. काय चालते आणि काय चालत नाही, एवढ्या अटीच मांडायच्या. उत्तर शोधण्याची रीत मात्र सर्वांसाठी एकच ठेवायची. याला ‘कन्स्ट्रेंट सॅटिस्फॅक्शन’ म्हणजे अटींची पूर्तता असे म्हणतात. सुडोकू हे त्याचे ओळखीचे उदाहरण. पण सुडोकूतली प्रत्येक चौकट भरावीच लागते. वस्तू जुळवताना तसे नसते. गाडीला सनरूफच नसेल, तर त्याची काच रंगीत हवी की साधी, हा प्रश्नच उरत नाही. काही प्रश्न आधीच्या उत्तरातून जन्माला येतात.

संजय मित्तल आणि ब्रायन फाल्कनहाइनर यांनी १९९० मध्ये या सशर्त प्रश्नांची गणिती मांडणी केली. त्यांचे उदाहरण मोटारीचेच होते. पॅकेज, बॉडी, इंजिन आणि बॅटरी यांना प्रत्येकी तीन पर्याय. एसी, सनरूफ, त्याची काच आणि ते उघडण्याची सोय यांना प्रत्येकी दोन. शेवटच्या चारांना ‘लागू नाही’ असा तिसरा पर्याय जोडला, तर एकूण ६,५६१ जोडण्या होतात. त्यांतल्या कित्येक निरर्थक असतात. सनरूफ नसतानाही काच आणि उघडण्याची सोय यांच्या नऊ जोड्या तपासल्या जातात. अर्थ असतो फक्त एकीला. खऱ्या गाडीत प्रश्न आठ नसतात, शेकडो असतात. तिथे हा फुकटचा शोध परवडत नाही.

म्हणून सशर्त पद्धतीत जागा झालेला प्रश्नच विचारला जातो. सनरूफ निवडले की काचेचा प्रश्न जागा होतो. सनरूफ काढले की तो पुन्हा झोपतो. प्रत्येक निवडीनंतर न जुळणारे पर्याय गाळले जातात आणि वाट अडली तर शोध एक पाऊल मागे येतो.

नेमके काय हुकू शकते, हे त्याच धर्तीच्या तीन नियमांवरून दिसते. पहिला : वरच्या दोन्ही पॅकेजमध्ये सनरूफ हवेच. दुसरा : उघड्या टपाच्या गाडीला सनरूफ बसत नाही. तिसरा : साध्या पॅकेजमध्ये उघडा टप मिळत नाही. एकेकटा वाचला तर प्रत्येक नियम रास्त आहे. तिन्ही एकत्र ठेवले, की उघड्या टपाची गाडी कोणत्याच पॅकेजमध्ये बनत नाही. यादीत तिचे नाव आहे, चित्रही असेल; गाडी मात्र नाही. नियम लिहिणाऱ्या तिघांपैकी कुणाचीही चूक नसताना हे घडते.

असे विरोध शोधणे सोपे नाही. प्रश्न वाढतात तसा सर्वांत वाईट स्थितीत लागणारा वेळ झपाट्याने फुगतो. त्यावर एक उपाय म्हणजे जड हिशेब आधीच उरकून ठेवणे. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीतील अभियंत्यांनी या दिशेने काम केले आहे. सगळे नियम आधीच एका सुटसुटीत रचनेत बांधून ठेवले, की ग्राहकाने बटण दाबताच उत्तर मिळते.

तरीही पर्याय नुसता पुसट करून भागत नाही. ‘उपलब्ध नाही’ एवढेच कळलेला ग्राहक चाचपडत राहतो. एकमेकींशी भांडणाऱ्या मोजक्या अटी निवडून दाखवणाऱ्या पद्धतीही आता आहेत. ‘सनरूफ सोडलेत तर उघडा टप मिळेल’ असे संगणकाने सांगितले, तर निर्णय ग्राहकाच्या हातात येतो. आणि काय सोडले तरी तो टप मिळत नसेल, तर ते ग्राहकाच्या आधी कारखान्याला कळायला हवे.