मूठभर धान्याची परतफेड

जात्यावर दळायला बसण्यापूर्वी सुपातील मूठभर ज्वारी बाजूच्या मडक्यात टाकायची आणि ठरलेल्या दिवशी वसतिगृहातील मुले झोळी घेऊन दारात आली की ते मडके झोळीत रिकामे करायचे, असा परिपाठ एकेकाळी सातारा-सांगली परिसरातील अनेक घरांत होता. या उपक्रमाला 'मुष्टिफंड' असे नाव होते. धान्य देणाऱ्या बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. आपल्या मुठीतील धान्यावर कोणाचे मूल शिकते, हेही त्यांना ठाऊक नसे. तरीही या मुठीच्या आधारावर कर्मवीर भाऊराव पाटील यांची वसतिगृहे चालली. ज्याने दिले त्याला परत करता येत नाही, अशा देण्याची परतफेड कशी करायची, या प्रश्नाचे उत्तर या भागाच्या इतिहासात सापडते.

सांगलीत सुरुवात, साताऱ्यात विस्तार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराण्याचे मूळ गाव मात्र आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. त्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली होती, तो हा काळ. म्हणजे भाऊराव स्वतःही दुसऱ्याच्या औदार्याने घडलेल्या वातावरणात वाढलेले विद्यार्थी होते. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत त्यांनी खेडोपाडी पायपीट केली आणि शिक्षणावाचून खोळंबलेले ग्रामीण जीवन जवळून पाहिले. सांगली जिल्ह्यातील दुधगाव व नेर्ले येथील वसतिगृहे हे त्यांच्या कार्याचे आरंभीचे टप्पे होत.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहून एकाच पंगतीला जेवावे, असे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. शाहू महाराज १९२२ मध्येच निवर्तले होते. त्यांचे ऋण त्यांना परत करणे शक्य नव्हते. ते पुढच्या मुलांकडे वळविणे मात्र शक्य होते.

मंगळसूत्राचे मोल

मुठीच्या धान्यावर वसतिगृह चालविणे सोपे नव्हते. मुलांची संख्या वाढली तशी ओढाताण वाढली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांसाठी अंगावरील दागिने एकेक करून उतरवून दिले. कोठारातील धान्य संपल्यावर अखेरीस मंगळसूत्रही दिले. जुन्या वळणाच्या जैन कुटुंबात वाढलेल्या या स्त्रीने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांनाही आपल्या हाताने जेवू घातले. एका सुवासिनीने मंगळसूत्र गळ्यातून काढणे याचा अर्थ त्या काळच्या समाजात काय होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढील मोठा विस्तार पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचे नाव पुढे गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य करणाऱ्या पतपेढीला देण्यात आले.

मिंधेपणा नव्हे, कृतज्ञता

दानाला एक दुसरी बाजूही असते. घेणारा अनेकदा मिंधा होतो, मान खाली घालतो. भाऊरावांनी हा धोका ओळखला होता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य त्यातूनच आले. 'कमवा आणि शिका' योजनेत मुले शेतात राबत, स्वयंपाकाला हातभार लावत. लोकांकडून आलेल्या धान्यात त्यांच्या घामाचाही वाटा असे. त्यामुळे घेतलेल्या मदतीचे त्यांना ओझे झाले नाही. त्यांना जाणवली ती जबाबदारी.

ही जबाबदारी कशी फेडली गेली, याचे उदाहरण म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेला हा विद्यार्थी विलायतेत शिकून परतला आणि संस्थेच्याच साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयात शिकवू लागला. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सांगली जिल्ह्यातील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील यांनीही याच महाविद्यालयात अध्यापन केले आणि नंतर संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले.

साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव आदींच्या साथीने जो निधी उभारला, त्याचे नावही बोलके आहे : 'सामाजिक कृतज्ञता निधी'. त्यासाठी नामवंत कलावंतांनी 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग केले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना या निधीतून मानधन मिळू लागले. कार्यकर्त्यावर समाजाने उपकार करावेत, ही त्यामागील भूमिका नव्हती. समाजच कार्यकर्त्याचा ऋणी आहे, असे हे नाव सांगते.

संशोधन काय सांगते?

देणाऱ्याला समाधान लाभते, हा अनुभव आता प्रयोगांतूनही तपासला गेला आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. निम्म्यांना ते स्वतःसाठी खर्च करण्यास सांगितले आणि निम्म्यांना दुसऱ्यासाठी. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. रक्कम पाचची होती की वीसची, याने फारसा फरक पडला नाही. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककलो यांच्या २००३ मधील अभ्यासात, ज्यांच्याविषयी कृतज्ञता वाटते अशा गोष्टींची नियमित नोंद ठेवणाऱ्यांना आपले जीवन अधिक समाधानाचे वाटू लागल्याचे दिसून आले.

मुष्टिफंडाचे मर्मही हेच होते. मोठी देणगी देण्याची ऐपत थोड्यांचीच असते. मूठ मात्र गरिबाच्या घरीही असते. जिच्या घरात उद्याच्या भाकरीची विवंचना होती, ती स्त्रीदेखील या मुठीमुळे 'देणारी' ठरली.

स्मरणाची कसोटी

महात्मा गांधींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये उघडण्याचा संकल्प सोडला होता. स्मरण म्हणजे काय, याविषयीची त्यांची कल्पना त्यातून स्पष्ट होते. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. वटवृक्षाचे बोधचिन्ह असलेल्या संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. दर २२ सप्टेंबरला गावोगावी मिरवणुका निघतात आणि प्रतिमेला हार घातले जातात.

तथापि, वसतिगृहाच्या त्या पंगतीत जेवलेली पिढी आता जवळपास संपली आहे. लक्ष्मीबाईंना पाहिलेले डोळे तर केव्हाच मिटले. अशा वेळी स्मरण हारांपुरते उरण्याचा धोका असतो. ज्यांचे आजोबा त्या मुठीवर शिकले, अशी कितीतरी कुटुंबे आज पुण्या-मुंबईत सुस्थितीत आहेत. त्यांच्या घरी जाते नाही आणि झोळी घेऊन दारात येणारा मुलगाही नाही. मात्र फी भरता न आल्याने शाळा सोडण्याच्या बेतात असलेले मूल आजही गावाकडे आहे. ती मूठ देणाऱ्या स्त्रिया आता नाहीत. त्यांचे देणे आहे ते या मुलापाशी.