गिटार, घट्टे आणि मनगट

आमच्या बेल्ह्यात हात दुखतो ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. सोमवारच्या बाजारात बैलाचा कासरा धरून उभा राहणारा, रानात खुरपणारी, गोठ्यात धारा काढणारा, साऱ्यांचेच हात दुखतात. 'घट्टे पडले की थांबेल दुखायचे' हे त्यावरचे एकच औषध आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते औषध खोटे नाही. पहिल्यांदा विळा हाती घेतला की तळहाताला फोड येतात, फुटतात आणि महिन्याभरात तेथे जाड कातडी धरते. दोन वर्षांपूर्वी मी गिटार शिकू लागलो तेव्हा हेच औषध घेऊन बसलो आणि त्यापायी चार महिने वाद्याला हात लावता आला नाही. त्या काळात जे वाचले, विचारले आणि अनुभवाने कळले ते येथे लिहीत आहे. आपल्या महाविद्यालयात खांद्याला गिटार अडकवून येणारे तीन-चार जण आता दिसतात, त्यांच्यासाठी विशेषतः.

गिटार शिकणाऱ्याला दोन दुखणी भेटतात. पहिले बोटांच्या टोकांचे. पोलादी तारांच्या साध्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. त्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या म्हणजे टोके लाल होणार, पाणी लागले की झोंबणार. हे दुखणे कातडीचे आहे. रोज थोडे थोडे वाजवले तर तीन-चार आठवड्यांत टोके टणक होतात आणि तक्रार मिटते. येथे घरचे औषध अगदी बरोबर लागू पडते. (फोड आला तर मात्र तो बसेपर्यंत थांबावे. फुटलेल्या बोटाने वाजवण्यात शौर्य नाही.)

दुसरे दुखणे मनगटाचे आणि अंगठ्याच्या मुळाचे. मला ते जडले स्नेहसंमेलनाच्या तोंडावर. एरवी मी वीस मिनिटे वाजवत असे. गाणे बसवायचे म्हणून एकदम तीन-तीन तास बसू लागलो. नेमके त्याच आठवड्यात आमचे रांगडा कांदे काढायला आले. दिवसभर डाव्या मुठीत पात धरायची आणि विळ्याने कापायची, सकाळ-संध्याकाळ दोन गायींच्या धारा काढायच्या आणि रात्री गिटार. पाचव्या दिवशी अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ उठली. सातव्या रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन जाग आली. सांगायला संकोच वाटतो, पण मला बरेच वाटले. हात आता तयार होतो आहे, अशी माझी समजूत! एका जाणत्या गृहस्थांनी 'नस चढली' म्हणून तेल लावून अंगठा ओढून दिला. दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरवेना. संमेलनात माझ्या जागी पेटी वाजली. त्याचे दुःख यथावकाश ओसरले; परंतु पुढे चार महिने दोन्ही वेळच्या धारा आईने काढल्या, हे आठवले की अजून मान खाली जाते.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर मनगट काढून दाखवले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोटे मिटणारे बळकट स्नायू मुळी बोटांत नसतातच. ते कोपराच्या खाली असतात आणि कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांनी, कळसूत्री बाहुली नाचवावी तशी, दुरून बोटे ओढतात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडांची एक पन्हळ असते, तिच्यावर जाड पट्ट्यासारखे बंधन असते. त्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू एवढी गर्दी जाते. मनगट सरळ असेल तर वाहतूक सुरळीत चालते. ते वाकवून बोटे जोराने मिटली की आतील दाब वाढतो, आणि विहिरीच्या काठावर दोर घासावा तशा कंडरा घासतात. त्यांची वेष्टने सुजतात, मग त्या तंतूला जागा उरत नाही. मुंग्या येतात त्या तेव्हा. अंगठ्याच्या बाजूला अशाच दोन कंडरा एका छोट्या वेष्टनातून जातात. त्यांच्या दुखण्याचे वर्णन द केर्व्हां या स्विस शल्यवैद्याने 1895 साली केले. तान्हे मूल सतत उचलणाऱ्या आयांनाही ते होते. तात्पर्य, कातडी जाड झाली की दुखणे जाते, पण या बोगद्यात जाडी वाढणे हेच दुखणे आहे. तेथे घट्ट्यांचे शास्त्र चालत नाही.

मग मनगट वाकते का? आपल्या बसण्यामुळे. पेटी, तबला, पखवाज सारे आपण मांडी घालून वाजवतो, म्हणून मी गिटारही सतरंजीवर बसूनच धरत होतो. मांडीवर गिटारची मान खाली झुकते आणि तिच्यापर्यंत पोहोचताना डावे मनगट मुडपते. खुर्चीवर बसून डाव्या पायाखाली काही ठेवले तर मान वर येते, आणि हात सैल सोडून कोपरात वाकवल्यावर मनगट जसे सरळ राहते तसेच वाजवतानाही राहू शकते. मी वीट ठेवतो. विठोबाला दोन्ही पायांना एक वीट पुरते, मला एका पायाला एक!

दुसरा दोष दाबण्याचा. नवशिक्या अंगठा आणि बोटे यांची पक्कड करतो. वास्तविक तारेला लागतो त्याहून कितीतरी जास्त जोर आपण लावतो, हे स्वतःच तपासता येते. बोट तारेवर नुसते टेकवावे, तार छेडावी; ती 'थप्प' वाजेल. मग हळूहळू दाब वाढवत जावे आणि स्वर स्वच्छ निघाला त्या क्षणी थांबावे. एवढाच जोर पुरे. बोट पट्टीच्या अगदी लगत ठेवले तर तो आणखी कमी होतो. नंतर अंगठा मानेपासून सोडून वाजवून पाहावे; हाताच्या स्वतःच्या वजनानेही तार बऱ्यापैकी दाबली जाते, हे पाहून मी चकित झालो.

वाद्याचाही दोष असतो, आणि तो गरीब विद्यार्थ्याच्याच वाट्याला येतो. स्वस्त गिटारच्या तारा मानेपासून फार उंच असतात. बाराव्या पट्टीपाशी मोजपट्टी लावून पाहावे. दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठीक, चार असेल तर दोष तुमच्या बोटांचा नव्हे. जाणकाराकडून तारा खाली घेता येतात. बारा नंबरऐवजी दहा नंबरचा बारीक संच लावावा, किंवा सर्व तारा अर्धा स्वर उतरवून ठेवाव्यात. एका बोटाने सगळ्या तारा दाबायची ती 'एफ' कॉर्ड पहिल्या महिन्यात न धरल्याने कोणाचे काही अडत नाही. चार तारांची छोटी 'एफ' चालते.

परंतु डॉक्टरांचा सर्वांत उपयोगी प्रश्न वेगळाच होता: 'गिटारखेरीज हाताने काय करतोस?' धारा, कांदे, मोटारसायकलचा क्लच, मोबाइलवर फिरणारा अंगठा, सगळे मनगटाच्या एकाच खात्यावर पडते. नारायणगावच्या एका वृद्ध ढोलकीवाल्यांना मी पुढे याबद्दल विचारले. तमाशाच्या हंगामात रात्र रात्र वाजवलेला तो हात! ते म्हणाले की हात मारायचा नसतो, टाकायचा असतो, खांद्यापासून. आणि थंडीत हात चोळून ऊब आल्याशिवाय ते थाप देत नसत. हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

जिद्दीने हात कमावण्याच्या नादात मोठमोठे फसले आहेत. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याने बोटे सुटी व्हावीत म्हणून एक यांत्रिक साधन वापरले होते. इजेच्या कारणाबद्दल मतभेद आहेत, पण 1832 च्या सुमारास त्याचा उजवा हात निकामी ठरला आणि पियानोवादक होण्याचे स्वप्न संपले. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे 1960 च्या दशकात आपोआप मिटू लागली. कित्येक वर्षे ते केवळ डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले.

मला डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आणि विश्रांती सांगितली. मुंग्या, रात्रीची कळ किंवा हातातून वस्तू निसटणे, यांपैकी काहीही असेल तर वाद्य त्याच दिवशी ठेवून द्यावे आणि आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टर गाठावा. ओढून घेऊ नये. पुन्हा सुरुवात केली ती पाच मिनिटांनी. दर आठवड्याला थोडी वाढ, मध्ये विसावा.

आता मी अर्धा तास वाजवतो, दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करून. मोठ्या 'एफ'ची पहिली तार अजून भुणभुणते. कांदे काढायच्या दिवसांत गिटार खुंटीला असते. सकाळची धार आई काढते, संध्याकाळची मी.