तयारीत काटकसर, संकटात दिवाळे : टेक्सासच्या हिमवादळाचा धडा

टेक्सास हे अमेरिकेतील तेल आणि नैसर्गिक वायूचे कोठार. तेथील इंधनावर दूरदूरची राज्ये चालतात. त्याच टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळ आले, वीज गेली आणि माणसे स्वतःच्या घरात गारठून मेली. सरकारी मोजणीनुसार मृतांची संख्या २४६ होती. त्यांतील दोन तृतीयांश थंडीने दगावले. इंधन आणि पैसा दोन्ही असताना असे का घडले, हे व्यापारी आणि कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

वीज का गेली?

त्या आठवड्यात डॅलस शहरात पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. घरोघरी हीटर सुरू झाले आणि विजेची मागणी एकदम वाढली. त्याच वेळी वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडू लागली. नळ्यांतील पाणी आणि यंत्रांवरील मापके गोठली, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ साचला, वायूच्या विहिरींची तोंडे गोठली. पुढे झालेल्या सरकारी चौकशीत असे दिसले की, बंद पडलेल्या यंत्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश यंत्रे गोठण्यामुळे किंवा इंधन न मिळाल्यामुळे थांबली होती.

मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की विजेची वारंवारिता घसरते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असते, अमेरिकेत ६०. ती ५९.४ च्या खाली नऊ मिनिटे राहिली असती, तर यंत्रे स्वतःच्या बचावासाठी आपोआप सुटत गेली असती आणि राज्याचा फार मोठा भाग कित्येक आठवडे अंधारात बुडाला असता. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ती चार मिनिटे २३ सेकंद त्या रेषेखाली होती. अधिकाऱ्यांनी घाईने लाखो घरांची वीज तोडून जाळे वाचविले. ४५ लाखांहून अधिक लोक विजेविना राहिले, काही जण तर चार दिवस. टेक्सासने केंद्र सरकारचे नियम टाळण्यासाठी आपले वीजजाळे वेगळे ठेवले होते. त्यामुळे शेजारी राज्यांकडून फारशी मदत घेता आली नाही.

एक न भरलेला अर्ज

यातली सर्वांत दुःखद बाब अशी. वायूवर वीज तयार होते आणि तो वायू पुढे ढकलणारी यंत्रे विजेवर चालतात. या यंत्रांची वीज तोडू नये म्हणून वीज कंपनीकडे दोन पानांचा अर्ज भरून नोंद करावी लागत असे. अनेक वायू कंपन्यांनी तो भरलाच नव्हता. त्यामुळे वीज वाचविण्यासाठी जी तोडणी झाली, तिच्यात या यंत्रांचीही वीज गेली. वायू कमी पडला आणि आणखी वीजकेंद्रे थांबली.

इशारा मिळाला होता

२०११ मध्येही असेच हिमवादळ आले होते. चौकशी झाली. नळ्यांना उष्णतारोधक आवरण घाला, यंत्रे थंडीला टिकतील अशी करा, असे सांगण्यात आले. पण ते सक्तीचे नव्हते. खर्च वाढेल म्हणून बहुतेकांनी टाळले. याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो शहर आहे. २०११ मध्ये तेथेही वीज गेली होती. तेथील कंपनीने मात्र धडा घेतला, थंडीत चालणारी नवी यंत्रे बसविली आणि वायू नसेल तर तेलावर चालण्याची सोय केली. हे शहर पश्चिमेकडील मोठ्या वीजजाळ्यालाही जोडलेले आहे. २०२१ मध्ये तेथे मोजक्याच ग्राहकांची वीज थोडा वेळ गेली. उरलेल्या टेक्सासमध्ये थंडीची तयारी कायद्याने सक्तीची झाली, पण ती जून २०२१ मध्ये, माणसे गेल्यानंतर.

घरातील चुका

काही लोकांनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळसा पेटविला किंवा बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. त्याने १९ जणांचा बळी घेतला. नळ गोठून फुटले आणि वरच्या मजल्याचे पाणी खालच्या सामानावर आले. नळ बारीक धारेने चालू ठेवणे, उघडे पाइप गुंडाळणे आणि मुख्य व्हॉल्व्ह कोठे आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असणे, एवढ्याने पुष्कळ नुकसान टळते.

आपण काय करावे?

आपल्या कोकणात बर्फ पडत नाही, पण वादळात वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूडकडच्या बांधवांनी हे सोसले आहे. म्हणून दुकानदार आणि कारखानदारांनी वादळाआधीच पुढील गोष्टी कराव्यात :

१. वीज गेल्यावर आपले कोणते काम थांबून चालणार नाही, याची यादी कागदावर करावी.

२. पर्यायी सोय मूळ पुरवठ्यावरच अवलंबून नाही ना, हे पाहावे. वीज नसेल तर पेट्रोलपंपही बंद पडतो, म्हणून जनरेटरचे इंधन आधीच आणून सुरक्षित ठेवावे. मोबाइलवरचे पैसे टॉवर बंद झाला की चालत नाहीत, म्हणून थोडी रोकड हाताशी असावी.

३. जनरेटर किंवा शेगडी बंद खोलीत कधीही लावू नये.

४. माल जमिनीपासून उंच ठेवावा. उधारीच्या वहीची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

आणखी एक गोष्ट. त्या दिवसांत टेक्सासच्या घाऊक बाजारात एरवी काही सेंटला मिळणारे विजेचे युनिट नऊ डॉलरला गेले. घाऊक दराशी बांधलेल्या घरांना हजारो डॉलरची बिले आली. गरजेसाठी साठा करणे वेगळे आणि इहतिकार, म्हणजे भाव चढावा म्हणून माल दडविणे, वेगळे. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळात धान्य राखले ते दुष्काळात लोकांना जगविण्यासाठी. वादळानंतर मेणबत्ती, पत्रा आणि ताडपत्री विकणाऱ्या आपल्या बांधवांनी हा फरक ध्यानात ठेवावा. तदबीर करणे आपले काम आहे, अंजाम अल्लाहच्या हाती.