दुडदुडती पावले आणि डोंगरवाट

दिवाळी सरली, पावसाने भिजलेली जमीन वाळली आणि पहाटेच्या हवेत बोचरा गारवा जाणवू लागला, की भिलाईच्या नेहरू नगरातील घराघरांतून सहलींचे बेत शिजू लागतात. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. या उद्योगनगरीत नोकरीनिमित्त विदर्भातून व महाराष्ट्रातून आलेली अनेक मराठी कुटुंबे पुढे येथलीच होऊन गेली. अशा एखाद्या घरात नुकतेच चालू लागलेले मूल असले, म्हणजे बेताला दोन पक्ष फुटतात. तरुण आईबाप म्हणतात, ‘एक रात्र तंबूत काढू, सकाळी टेकडी चढू.’ आजी म्हणते, ‘अरे, दीड वर्षाचं लेकरू ते! थंडीवाऱ्यात रानात कशाला नेता? आणि मोठेपणी त्याला यातलं आठवणार तरी काय?’

आजीचा हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यात दोन प्रश्न आहेत. मुलाला काही अपाय होणार नाही ना, हा पहिला. आणि एवढा खटाटोप कशासाठी, हा दुसरा.

लहान मुलाला घेऊन उघड्यावर मुक्काम करणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. बारामती-फलटणकडील धनगर पावसाळा संपला की मेंढरांचे कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी असतात, कोंबड्या असतात, नुकतीच जन्मलेली कोकरे असतात आणि त्यांच्याच शेजारी घरातली लहान मुलेही असतात. छत्तीसगडच्या गावांतून लुगड्याने पाठीशी अथवा कडेवर बांधलेले मूल घेऊन बाया मैलोगणती चालतात. शहरी कुटुंबाला जे साहस वाटते, ते या लोकांचे नित्याचे जीवन आहे. तथापि त्यांच्यापाशी पिढ्यांचे शहाणपण असते. शहरी माणसाला ते समजून घ्यावे लागते.

त्या शहाणपणाचे पहिले सूत्र मुलाच्या चालीत आहे. २०१२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या, मोकळेपणी खेळणाऱ्या मुलांची पावले मोजली. मूल तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते, ७०१ मीटर चालते आणि १७ वेळा पडते, असे त्यांना आढळले. मूल आळशी नाही, हे यावरून उघड होते. परंतु त्याचे चालणे सरळ रेषेत नसते. ते खड्यापाशी थांबते, मुंगीमागे वळते, आल्या वाटेने परत जाते. म्हणून तीन किलोमीटरांची वाट ठरविणाऱ्या बापाने मनाशी हिशेब करावा, की यातील बहुतेक अंतर मूल आपल्या पाठीवर असणार आहे. दहा-अकरा किलोंचे हे ओझे वाहून जेवढे चालवेल, तेवढीच सहलीची मर्यादा.

पाठीवरच्या मुलाविषयी एक गोष्ट हमखास विसरली जाते. चढण चढणाऱ्या बापाला घाम फुटतो आणि त्याला वाटते, हवेत ऊब आहे. पाठुंगळीचे मूल मात्र निश्चल बसलेले असते. त्याचे स्नायू उष्णता निर्माण करीत नाहीत. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाहून अधिक असल्याने त्याचे अंग लवकर गार पडते आणि उन्हात लवकर तापतेही. म्हणून स्वतःच्या घामावरून मुलाची थंडी मोजू नये. अर्ध्या-अर्ध्या तासाने त्याच्या मानेला व छातीला हात लावून पाहावा, लोंबते पाय चोळावेत आणि त्याला उतरवून खेळू द्यावे. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, कारण ते उन्हाप्रमाणे काढता-घालता येतात.

स्थळांची निवडही पायरीपायरीने व्हावी. १९७२ पासूनची मैत्रीबाग घराजवळच आहे. तेथे सकाळी दोन तास मूल पाठीवर घेऊन हिंडले, की पट्टा कोठे रुततो, मूल केव्हा कंटाळते, हे कळते. दुसरी पायरी बालोदजवळच्या तांदुळा जलाशयाची. कारखान्याला पाणी पुरविणाऱ्या या जलाशयाकाठी दिवस घालवून संध्याकाळी परतता येते. मात्र पाण्याजवळ मूल कायम एका ठरलेल्या माणसाच्या हाताशी असावे. ‘सगळेच पाहत आहेत’ याचा अर्थ पुष्कळदा ‘कोणीच पाहत नाही’ असा होतो. तिसरी पायरी डोंगरगडची. राजनांदगावच्या पुढे, नागपूरच्या लोहमार्गावर हे गाव आहे आणि बमलेश्वरीच्या टेकडीला हजारावर पायऱ्या आहेत. दोन्ही नवरात्रांतील गर्दी टाळून जावे आणि पहिल्या शंभर पायऱ्या मुलाला हवे तर स्वतः चढू द्याव्यात.

आता रात्रीचा मुक्काम. येथे तीन गोष्टींत तडजोड नाही. पहिली, जमिनीवर उघड्यावर झोपणे. मण्यार, जिला छत्तीसगडात करैत म्हणतात, रात्री हिंडते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पूर्ण बंद होणारा तंबू किंवा खाटेवर गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हे तिच्यापासून संरक्षण आहे आणि हिवतापाच्या डासांपासूनही. दंशाची शंका जरी आली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा पोट दुखू लागले, तरी जखम कापण्यात वा आवळून बांधण्यात वेळ न दवडता सर्पविषाचे इंजेक्शन मिळेल असे रुग्णालय गाठावे; ते कोठे आहे याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. दुसरी गोष्ट शेकोटीची. छत्तीसगडी घरांत हिवाळ्यात निखाऱ्यांची गोरसी पेटते. ती तंबूत कधीही आणू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला ना रंग ना वास. बंद जागेत तो झोपेतच माणसाचा प्राण घेतो. तिसरी गोष्ट पाण्याची. पाणी उकळलेलेच असावे. जुलाब लागलेच, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे आणि परत फिरावे. माप चहाच्या लहान चमच्याचे धरावे. मीठ अधिक पडू देऊ नये.

परत फिरणे हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मोठ्यांच्या गिर्यारोहणात शिखर हे साध्य असते. मूल बरोबर असले, म्हणजे साध्य बदलते. ताप आला, सतत रडू लागले, खाणे सोडले, की टेकडी अर्धी राहिली तरी सहल फसली असे मानू नये. टेकडी पुढल्या वर्षीही तेथेच असते.

राहिला आजीचा दुसरा प्रश्न. मुलाला यातले आठवणार काय? प्रामाणिक उत्तर असे, की जवळजवळ काहीच नाही. तीन वर्षांपूर्वीच्या प्रसंगांच्या आठवणी मोठेपणी सहसा उरत नाहीत. पण आजीने भरविलेला पहिला घासही कोणाला आठवत नाही. म्हणून तो वाया जात नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. चार भिंतींच्या सदनिकेत तेवढी जागा कोठून मिळायची? खडबडीत जमिनीवर पडत-उठत पाय तोल शिकतात, आणि तो तोल आठवणीविनाही टिकतो.

शिवाय आठवण ठेवण्याचे काम केवळ मुलाचे नसते. तंबूच्या दारात दुलईत गुंडाळलेल्या नातवाला प्रथमच चांदण्या दाखविणारी आजी बरोबर असली, तर ती रात्र घराच्या स्मरणात राहते आणि मूल मोठे झाले की तिच्याच तोंडून ऐकते. म्हणून बेत करणाऱ्या आईबापांनी आजीचा विरोध मोडून काढण्यापेक्षा तिची खाट आणि मच्छरदाणी सामानात घ्यावी. लेकराच्या मानेला हात लावून थंडी ओळखण्याची विद्या त्या घरात सर्वांत जास्त तिलाच अवगत असते.