भार देहाचा, शिक्का हौसेचा

स्तन लहान करून घेण्याची शस्त्रक्रिया म्हटली की नटवेपणाचा शिक्का मारून मोकळे व्हायचे, ही आपली रीत. वास्तविक मान-पाठ धरणे, खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ, स्तनांखालची त्वचा वारंवार चिघळणे, हे सोसणारीला हौस कोठली! या शस्त्रक्रियेत ग्रंथी, मेद व त्वचा काढतात. ओघळलेले स्तन उचलून घेताना मुख्यतः जादा त्वचाच काढली जाते, भार जवळजवळ तेवढाच राहतो. व्रण दोहोंतही राहतात. संवेदना मंदावू शकते, अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते, हे आधीच सांगितले पाहिजे. विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यशस्त्रक्रिया वर्ज्य. आरोग्याचा थेट व तातडीचा धोका डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास अपवाद. वर्षानुवर्षांची पाठदुखी ‘तातडीची’ ठरवायची कोणी?